टाकून द्यायचे पत्ते

मागच्या अंकात मी चिंचोक्यांवर पोकर खेळण्याबद्दल दोन पानं लिहिली होती. सांगलीला ३१ वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, पण पोकर शिकले ते निवृत्तीनंतर, बंगळूरला लेकीकडे राहायला गेले तेव्हा. तिच्या घरी शुक्रवारी रात्री सहा-सातजण बसायचे. मी पैशाला हात लावणार नाही म्हटल्यावर जावयांनी डब्यातले चिंचोके काढून दिले आणि तेव्हापासून आमच्याकडे चिंचोकेच चालतात. लेख वाचून बरीच पत्रं आली. त्यातल्या सातांना इथे उत्तरं देते.

ज्यांनी तो लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी खेळ थोडक्यात सांगते. प्रत्येकाला दोन झाकले पत्ते मिळतात. मधे सगळ्यांचे मिळून पाच पत्ते उघडतात, आधी तीन, मग एक, मग आणखी एक. त्यांना फ्लॉप, टर्न आणि रिव्हर म्हणतात. सातांतले आपले उत्तम पाच धरायचे. दोन पत्ते मिळाल्यावर एकदा आणि मधले पत्ते उघडतील तसं प्रत्येक वेळी बोलायचं. लावा, चढवा, नाहीतर पत्ते टाकून बाहेर पडा. लावलेलं सगळं मधे साठतं, तो पॉट. चिंचोक्यांऐवजी लावायच्या चकत्या असतील तर त्या चिप्स.

मॅडम, आम्ही मित्र हॉस्टेलपासून तीन पत्ती खेळतो. परवा पहिल्यांदा पोकर खेळलो. माझी सत्ती ते गुलाम अशी सिक्वेन्स लागली. समोरच्याचा किलवरचा कलर, त्यातलं सगळ्यात मोठं पान नव्वी. सगळे म्हणाले कलर मोठा. तीन पत्तीत तर सिक्वेन्स कलरच्या वर असते. मग इथे उलटं का? (एक वाचक, चिंचवड)

तुमच्या मित्रांचं बरोबर आहे. कारण कळलं की पुन्हा विसरणार नाही.

बावन्न पत्त्यांतून तीन पत्ते २२,१०० प्रकारे येऊ शकतात. त्यात नुसता कलर १,०९६ वेळा येतो आणि साधी सिक्वेन्स ७२० वेळा. म्हणजे तीन पत्त्यांत सिक्वेन्स दुर्मिळ, म्हणून ती वर. पाच पत्ते धरले की एकूण प्रकार २५,९८,९६० होतात. त्यात सिक्वेन्स १०,२०० वेळा येते आणि कलर फक्त ५,१०८ वेळा. एकाच रंगाची पाच पानं जमणं तीन जमण्यापेक्षा फारच अवघड, म्हणून कलर वर गेला. जे कमी वेळा येतं ते मोठं, एवढंच सूत्र आहे.

तीन पत्तीत मात्र या सूत्राला एक अपवाद आहे, आणि मला तो फार आवडतो. ट्रेल, म्हणजे तीन सारखे, ५२ प्रकारे येते; प्युअर सिक्वेन्स, म्हणजे एकाच रंगाची सिक्वेन्स, ४८ प्रकारे. म्हणजे हिशेबाने प्युअर सिक्वेन्स वर असायला हवी, तरी मान ट्रेलला आहे. वर्गात हे सांगितलं की मुलं मान्य करायची नाहीत, मग फळ्यावर एकेक मांडून मोजायला लावायचे.

पोकरचा चढता क्रम असा: नुसतं मोठं पान, एक जोडी, दोन जोड्या, तीन सारखे, सिक्वेन्स, कलर, फुल हाउस म्हणजे तीन सारखे आणि एक जोडी, चार सारखे, आणि सगळ्यात वर प्युअर सिक्वेन्स. आणखी एक शब्द सांभाळा. तीन पत्तीत ब्लाइंड म्हणजे पत्ते न बघता खेळणं. पोकरमध्ये ब्लाइंड म्हणजे वाटण्याआधी दोघांनी सक्तीने लावायची रक्कम, एकाने लहान, दुसऱ्याने तिच्या दुप्पट. तीन पत्तीतल्या बूटाचं काम इथे ती करते.

ताई, आमच्याकडे गौरी जागवताना रात्रभर पत्ते असतात. मेंढीकोट, बदाम सात, तीनशे चार, सगळ्यांत माझा हात धरणारं कोणी नाही. यंदा पुतण्यांनी पोकर शिकवलं. मी एकही डाव न सोडता लक्ष देऊन खेळले, तरी पहाटेपर्यंत माझ्यापुढे एक चिप उरली नाही. कुठे चुकतंय? (एक वाचक, रत्नागिरी)

ताई, तुम्हीच लिहिलंय, “एकही डाव न सोडता.” चूक तिथेच आहे, आणि ती आपल्या सगळ्या घरगुती खेळांनी शिकवलेली आहे. मेंढीकोटात आलेली तेरा पानं खेळावीच लागतात. वाईट पानं आली तरी भिडूला सांभाळत शेवटपर्यंत जायचं, डाव सोडून उठणं म्हणजे खेळाचा अपमान. बंगळूरच्या पहिल्या रात्री मीही अशीच बसले होते. पानं आली आहेत तर ती खेळली पाहिजेत, ही इतकी जुनी सवय की पत्ते टाकून देता येतात हे माहीत असूनही हात उचलत नव्हता. दोनशे चिंचोके दीड तासात गेले.

पोकरमध्ये पत्ते टाकून देणं हीच मुख्य चाल आहे. ज्याला ती करता येते, त्याला बाकीचं हळूहळू येतं.

दोन पत्ते १,३२६ प्रकारे येऊ शकतात. सहाजणांच्या बैठकीत पहिले काही महिने मी तुम्हाला एवढेच खेळायला सांगेन: कुठलीही जोडी, एक्क्याबरोबर राजा, राणी, गुलाम किंवा दश्शी, आणि राजा-राणी. हे सगळे मिळून १५८ प्रकार होतात. म्हणजे आठ-साडेआठ डावांतून एकदा खेळायचं, बाकी वेळा पत्ते पुढे सरकवून बघत बसायचं. एक्का आणि तिर्री, राजा आणि सत्ती, “दोन्ही बदाम आहेत म्हणून” चौकी-नव्वी, हे सगळं जाऊ द्या. एक्का-तिर्रीचा धोका मुद्दाम सांगते. मधे एक्का उघडला की आपल्याला वाटतं जिंकलो, आणि समोर एक्का-राणी निघते. जोडी तीच, जोडीदार पान लहान. असे डाव सगळ्यात महाग पडतात.

दुरी ते छक्कीपर्यंतच्या लहान जोड्या स्वस्तात मिळाल्या तरच पुढे न्या. फ्लॉपवर तिसरं पान येऊन तीन सारखे होण्याची शक्यता आठ-साडेआठांत एक आहे. तेवढं एकदा लागल्यावर आधीचं सगळं भरून निघेल इतके चिंचोके समोरच्याकडे आणि तुमच्याकडे असायला हवेत. मी पंधरापट धरते: आत यायला ४ लागत असतील तर दोघांकडे निदान ६० हवेत. नसतील तर लहान जोडीही टाका.

आता बसायची जागा. जो शेवटी बोलतो त्याला बाकीच्यांनी काय केलं ते दिसलेलं असतं. तीनशे चारमध्ये तुम्ही बोली ऐकून पानांचा अंदाज बांधता, तसंच इथेही. शेवटच्या जागेवर असाल आणि आधीच्यांनी पत्ते टाकले असतील, तर एकाच रंगाची लगतची पानं, एक्क्याबरोबर त्याच रंगाचं कुठलंही पान, राजा-गुलाम, राणी-गुलाम यांनाही घ्या. मग साधारण पाच डावांतून एकदा खेळाल. तीच पानं सगळ्यात आधी बोलताना आली तर टाकायची. पान तेच, जागा वेगळी, म्हणून निर्णय वेगळा.

आणि आत यायचंच ठरवलं तर चढवून या. मोठ्या ब्लाइंडच्या तिप्पट लावा. नुसतं सोबत म्हणून दोन चिंचोके टाकून फ्लॉप बघायचा, ही सवय मोडा.

बाई, मी तुमचा १९९८ च्या बॅचचा. हातात बदामाची दश्शी आणि सत्ती. मधे बदामाची राणी, बदामाची तिर्री आणि किलवरचा राजा. पॉटमध्ये ६० चिप्स, समोरच्याने आणखी ६० लावल्या. कलरला एकच बदाम हवा म्हणून मी ६० दिल्या. टर्नला चौकटची अठ्ठी आली. त्याने उरलेल्या ४० लावल्या, त्याही मी दिल्या. बदाम आला नाही. दोन्ही वेळा चुकलो ना? (तुमचा विद्यार्थी, ठाणे)

नाही. पहिल्या वेळी चुकलास, दुसऱ्या वेळी बरोबर होतास. हरलास दोन्हीकडे, म्हणून तुला दोन्ही सारखे दिसताहेत. कागद घे आणि माझ्याबरोबर मांड.

बदाम एकूण तेरा. चार दिसताहेत, म्हणजे नऊ उरले. तुला पाच पत्ते दिसले आहेत, न दिसलेले ४७. पुढच्या पानाला बदाम येण्याची शक्यता ४७ त ९, म्हणजे १९ टक्के. दोन्ही पानं मिळून ३५ टक्के. टेबलावर भागाकार करायला वेळ नसतो, म्हणून सोपी रीत लक्षात ठेव: जी पानं आली तर जिंकू ती मोज, एक पान यायचं असेल तर दुप्पट, दोन्ही यायची असतील तर चौपट. नऊ दुणे अठरा, नऊ चोक छत्तीस. दोन्ही खऱ्या आकड्यांच्या अगदी जवळ.

आता किंमत. पॉटमध्ये ६०, त्याने लावले ६०, म्हणजे १२० मिळवण्यासाठी तुला ६० द्यायचे होते. तुझे धरून १८०, त्यात तुझे ६०, म्हणजे तिसरा हिस्सा. ३३ टक्के शक्यता असेल तर हा सौदा बरोबरीचा. पुढच्या पानाला तुझ्याकडे होते १९. तू म्हणशील, दोन्ही पानं मिळून ३५ आहेत की. पण दुसरं पान फुकट दिसणार नव्हतं, त्यासाठी त्याने आणखी ४० मागितलेच. दुसरा विचार असा की बदाम आला असता तर त्याच्याकडून आणखी किती निघाले असते? १९ टक्क्यांवर ६० देणं परवडायला कलर लागल्यानंतर त्याच्याकडून जवळजवळ १३३ निघायला हवे होते. त्याच्यापुढे होते फक्त ४०. टर्नला पुन्हा ४० द्यायचे धरून पूर्ण हिशेब केला तर त्या पहिल्या होकारात तुझं सरासरी ९ चिप्सचं नुकसान होतं.

टर्नला चित्र पालटलं. पॉटमध्ये १८०, त्याने लावले ४०. २२० साठी ४० द्यायचे, म्हणजे १५ टक्क्यांच्या थोडं वर पुरे होते. तुझी शक्यता ४६ त ९, म्हणजे साडेएकोणीस. त्या जागी पत्ते टाकले असतेस तर ती चूक ठरली असती. आधी चुकून पॉट मोठा केला, हे त्या क्षणी विसरायचं असतं. गेलेल्या ६० चिप्स आता तुझ्या नाहीत, त्या पॉटच्या आहेत.

त्याने ६० च्या पॉटमध्ये फक्त १० लावले असते तर डोळे मिटून दे म्हटलं असतं. एक सावधगिरी मात्र ठेव. दश्शीचा कलर लागला तरी राजा-एक्क्याचा कलर त्याच्या वर असतो. बदामाचा एक्का स्वतःकडे असणं आणि दश्शी असणं यात फार अंतर आहे.

पोकर म्हणजे चेहरा वाचणं, असं सगळे म्हणतात. माझा चेहरा लगेच कळतो. मी ब्लफ करूच नये का? (एक वाचक, नागपूर)

ब्लफ, म्हणजे वाईट पानांवर चांगली असल्यासारखं लावणं, जरूर करा, पण चेहऱ्याची काळजी सोडा. जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्गला कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्राटस नावाच्या संगणक प्रणालीने चार मातब्बर व्यावसायिक खेळाडूंविरुद्ध १,२०,००० डाव खेळून त्यांना हरवलं. तिला चेहरा दिसतही नव्हता आणि दाखवायलाही नव्हता. तिच्यापुढे होते ते फक्त लावलेले आकडे, आणि ती भरपूर ब्लफ करत होती. जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने तर त्याच्या कितीतरी आधी दाखवून दिलं होतं की ब्लफ हा गणिताचाच भाग आहे. फक्त चांगली पानं असतानाच लावणाऱ्याला पुढे कोणी काही देत नाही.

किंमत ब्लफलाही असते. पॉट ४० असताना तुम्ही २० लावलेत तर तीनांतून एकदा समोरच्याने पत्ते टाकले तरी बरोबरी. ४० लावलेत तर निम्म्या वेळा टाकायला हवेत. सुरुवातीला ब्लफ अशा पानांवर करा जी अजून सुधारू शकतात, म्हणजे वरच्यासारखा एका पानाने अडलेला कलर. समोरच्याने टाकले तर लगेच मिळालं, नाही टाकले तरी नऊ पानं तुमच्या बाजूने शिल्लक आहेत.

घरच्या बैठकीत मात्र निम्मे लोक पत्ते टाकतच नाहीत, त्यांना शेवटपर्यंत बघायचंच असतं. त्यांच्यावर ब्लफ करू नका. त्यांच्यापुढे चांगली पानं घेऊन जास्त लावा.

एक्क्यांची जोडी आली. कोणी पळून जाऊ नये म्हणून मी चढवलं नाही, गप्प राहिले. पाचहीजण आले. सत्ती-दुरीवाल्याने दोन जोड्या करून सगळं नेलं. सगळ्यात मोठी पानं घेऊन सगळ्यात वाईट पानांकडून हरायचं, मग शिकायचं कशाला? (एक वाचक, कुडाळ)

एक्क्यांची जोडी २२१ डावांतून एकदा येते. घरी तासाला पंचवीसेक डाव होतात, म्हणजे सुमारे नऊ तास बसल्यावर एकदा. त्यामुळे तुमची हळहळ मला समजते. पण आकडे बघा. एकाविरुद्ध, त्याची पानं कुठलीही असोत, एक्के सरासरी ८५ टक्के वेळा जिंकतात. दोघांविरुद्ध ७३, तिघांविरुद्ध ६४, आणि पाचजण आत आले तर ४९. पानं तीच. तुम्ही गप्प राहून सत्ती-दुरीला जवळजवळ फुकट आत घेतलंत. तिप्पट-चौपट चढवलं असतं तर तो आलाच नसता, किंवा मोठी किंमत देऊन आला असता, आणि दोन्ही तुमच्या फायद्याचं होतं.

समजा, चढवून एकाच्याच समोर हरला असतात, तर मी म्हटलं असतं की काही चुकलं नाही. १५ टक्के म्हणजे सातांतून एकदा, आणि ते होतंच.

एक वही ठेवा. माझी आहे, निळ्या पुठ्ठ्याची. रात्री झोपण्याआधी तीन डाव लिहून ठेवते: पानं, जागा, पॉट, मी काय केलं आणि का. कोण जिंकलं ते लिहीतच नाही. सकाळी चहाबरोबर वाचते. शेवट लिहिला की डोळे आधी तिकडे जातात आणि निर्णय दिसत नाही.

बाई, मुलगा २४ वर्षांचा, नोकरीला आहे. मोबाइलवर पोकर खेळून त्याने ४०,००० रुपये घालवले. म्हणतो, हा कौशल्याचा खेळ आहे, मी शिकतोय, गोव्याला जाऊन भरून काढीन. तुम्ही स्वतः हा खेळ शिकवता, म्हणून तुम्हालाच विचारतो. (एक वडील, नाशिक)

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही मलाच विचारलंत हे योग्य केलंत.

कौशल्य आहे, हे खरं. पण त्या खेळात कौशल्याचा फायदा हजारो डावांनंतर दिसतो, आणि चांगला खेळणारासुद्धा महिनोन्महिने हरू शकतो. “भरून काढीन” हे वाक्य ज्याच्या तोंडी आलं, त्याचं कौशल्य त्याच क्षणी संपलेलं असतं. कारण तो आता पत्ते टाकू शकत नाही. वर मी जे जे सांगितलं ते सगळं टाकता येण्यावर उभं आहे.

शिवाय बैठक चालवणारा प्रत्येक पॉटमधून आपला हिस्सा काढतो. समजा दहाजण हजार-हजार घेऊन बसले, तासाला पंचवीस डाव झाले आणि प्रत्येक डावातून सरासरी २० रुपये गेले. तासाला ५००, आठ तासांत ४,०००. दहा हजारांतले चार हजार टेबलावरून उठून गेले, आणि दहाहीजण एकमेकांकडून उरलेले सहा हजारच जिंकणार. गोव्यात मांडवी नदीवरच्या कसिनोच्या बोटीत हे बदलत नाही. हे गणित मुलासमोर मांडा, तो हुशार आहे, त्याला कळेल.

कायद्याचंही सांगते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्यात कौशल्य की नशीब, असा भेद ठेवलेला नाही. शिक्षा आहे ती खेळ चालवणाऱ्यांना, जाहिरात करणाऱ्यांना आणि पैसे फिरवणाऱ्यांना. मुलाला गुन्हेगार म्हणून घाबरवू नका. पण अजूनही पैसे घेणारं एखादं ॲप त्याच्या मोबाइलवर असेल, तर ते कायद्याबाहेर चालतंय आणि तिथे अडकलेला पैसा परत मिळेल याची खात्री नाही, हे त्याला स्पष्ट सांगा.

त्याने कर्ज काढलंय का, मित्रांकडून घेतलंय का, ते शांतपणे विचारा. एका रात्रीत सगळं सांगणार नाही, पुन्हा विचारा. झोप उडाली असेल, चिडचिड होत असेल, खेळल्याशिवाय राहवत नसेल, तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. मानसिक आरोग्यासाठीची सरकारी सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. त्याने नाही केला तर तुम्ही करा. आणि तो पूर्ण सावरेपर्यंत घरात चिंचोक्यांवरसुद्धा पोकर नको. माझ्या लेखामुळे तुमच्या घरी कोणी कॅट आणला असेल, तर तो कपाटात ठेवा.

चिंचोके किती लागतात? (इयत्ता सातवी, वाई)

प्रत्येकाला दोनशे. लहान ब्लाइंड एक, मोठी दोन, म्हणजे मोठ्या ब्लाइंडच्या शंभरपट झाले आणि टाकायला, चढवायला, वाट बघायला सगळ्यांना जागा राहते. सहाजण असाल तर बाराशे. चिंचोके धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवा, नाहीतर डब्यात कीड लागते. दहा-दहाच्या वाटण्या करून कागदी द्रोणांत ठेवल्या की मोजायला वेळ जात नाही. पांढरे सोललेले आणि काळे साधे असे दोन प्रकार केले, तर पांढरा दहाचा धरा, मग सहाजणांना पाचशे-साडेपाचशेत भागतं. आजीला विचारून घे, तिच्याकडे नक्की असतील.